मनाचा तोल आणि नाडीचा ठेका

हृदयाचे प्रत्यारोपण झालेला माणूस आरामखुर्चीत निवांत बसलेला असला, तरी त्याच्या नाडीचे मिनिटाला साधारण ९० ते ११० ठोके पडत असतात. शस्त्रक्रियेत हृदयाकडे जाणारे चेतातंतू तोडावे लागतात आणि नवे हृदय मग स्वतःच्याच लयीत चालू लागते. इतरांची नाडी विश्रांतीच्या वेळी सत्तरच्या आसपास राहते, ती हृदय मुळात संथ असते म्हणून नव्हे, तर मेंदूच्या तळाशी उगम पावून मान आणि छातीतून थेट पोटापर्यंत उतरणारी व्हेगस नावाची नस त्याला अखंड आवरून धरत असते म्हणून. आपण ज्याला स्वस्थ बसणे म्हणतो, तेदेखील शरीराच्या लेखी एक कामच असते.

ही नस हृदयाला कसे आवरते, हे ऑस्ट्रियातील ग्राट्स येथे ऑटो लोवी यांनी १९२१ साली बेडकाच्या हृदयांवर दाखवून दिले. एका हृदयाच्या व्हेगस नसेला विद्युतप्रवाहाने उत्तेजित केल्यावर ते मंदावले आणि त्याच्या भोवतीचा द्रव दुसऱ्या हृदयाला दिल्यावर तेही मंदावले. नसेच्या टोकाशी एक रसायन स्रवते, असा त्याचा अर्थ होता. ते रसायन म्हणजे ॲसिटिलकोलीन. (प्रयोगाची कल्पना लोवींना झोपेत सुचली होती आणि पहिल्या रात्री खरडलेले टिपण सकाळी त्यांना स्वतःलाच वाचता आले नव्हते, हा किस्सा त्यांनीच पुढे सांगितला.)

आता रोजचाच एक प्रसंग घेऊ. रात्री अकराला, अंथरुणावर पडता पडता, कार्यालयाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आपल्याला उद्देशून एका ओळीचा खोचक मेसेज येतो. पहिली गोष्ट घडते ती ही, की व्हेगसचा लगाम सैल पडतो आणि एखाद-दुसऱ्या ठोक्यातच नाडी वाढते. त्यामागोमाग काही सेकंदांत, शरीराला लढण्या-पळण्यासाठी सज्ज करणारी अनुकंपी चेतासंस्था जागी होते, अॅड्रेनलिन रक्तात उतरते, हात गार पडतात, कान तापतात. कॉर्टिसोल हे संप्रेरक याहून सावकाश वाढते आणि तासाभरापर्यंत रेंगाळू शकते. म्हणूनच ‘मी आता शांत आहे’ असे तोंडाने म्हणून झाले तरी अंग शांत झालेले नसते. या सगळ्या खळबळीला मी दोष मानत नाही. मेसेज वाचून ज्याची नाडी हललीच नाही, त्याने तो नीट वाचलाही नसेल. तोल गेला की नाही यापेक्षा तो किती वेळात सावरला, हा प्रश्न अधिक नेमका आहे.

सावरण्याची ही यंत्रणा मनगटावर बोटे ठेवून अनुभवता येते. सावकाश श्वास घेताना नाडी किंचित जलद होते आणि तितक्याच सावकाश सोडताना मंदावते, कारण श्वास आत घेताना व्हेगसचा लगाम थोडा सैल सुटतो आणि उच्छ्वासाच्या वेळी पुन्हा आवळला जातो. निरोगी हृदय घड्याळासारखे टकटक चालत नाही, हे अनेकांना ठाऊकच नसते. ठोक्यांमधले अंतर सतत थोडे कमीजास्त होत राहणे हेच लगाम शाबूत असल्याचे लक्षण आहे.

श्वासाची गती मिनिटाला सहाच्या आसपास आणली, की हा चढउतार सर्वांत ठळक होतो. रक्तदाब सांभाळणाऱ्या यंत्रणेची स्वतःची एक लहर सुमारे दहा सेकंदांची असते आणि दहा सेकंदांचा एक श्वास तिच्याशी बरोबर जुळतो. २००१ साली इटलीतील संशोधकांनी २३ निरोगी व्यक्तींना लॅटिन भाषेतील जपमाळेची प्रार्थना आणि ‘ॐ मणि पद्मे हुं’ हा मंत्र म्हणायला लावला, तेव्हा दोन्हींत श्वास आपोआप मिनिटाला जवळपास सहावर आला. आपल्याकडे लोणावळ्याच्या कैवल्यधामात स्वामी कुवलयानंदांनी १९२४ पासूनच योगक्रिया क्ष-किरण आणि दाबमापक यंत्रांखाली आणल्या होत्या. तरीही संथ श्वसन हा उपचार नव्हे, हे स्पष्ट सांगायला हवे. उदासी किंवा घबराट आठवडेच्या आठवडे हटत नसेल, तर डॉक्टर गाठावा किंवा केंद्र सरकारच्या टेली-मानस सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर बोलावे.

श्वासाइतकीच उपयोगी, पण कमी चर्चिली जाणारी गोष्ट म्हणजे भावनेला तिचे नाव देणे. राग गिळण्याची आपल्याला लहानपणापासून सवय लावली जाते. पण १९९३ च्या एका प्रसिद्ध प्रयोगात किळसवाणी चित्रफीत पाहताना ज्यांनी चेहरा निर्विकार ठेवला, त्यांची किळस कमी झाली नाही, उलट अनुकंपी चेतासंस्थेची धावपळ वाढली. याउलट २००७ साली लॉस एंजेलिस येथे झालेल्या मेंदूच्या चित्रणात, समोरच्या चेहऱ्यावरील भावनेला शब्द देताच धोक्याची घंटा वाजवणाऱ्या अमिग्डाला या भागाची सक्रियता घटलेली दिसली आणि कपाळामागच्या एका भागाची वाढली. ज्यांना आपल्या नकोशा भावनांमधले बारीक फरक ओळखता येतात, ते त्या अधिक चांगल्या हाताळतात, असेही एका अभ्यासात आढळले आहे. या बाबतीत मराठी माणसाच्या हाताशी चांगलेच भांडवल आहे. वैताग, चीड, संताप, त्रागा, चरफड हे सगळे रागाचेच प्रकार असले, तरी वैतागावर झोप पुरते आणि चरफडीवर पुरत नाही, कारण चरफडीत आपण काही करू शकत नसल्याचे दुखणे असते. धाकधूक उद्याची असते, रुखरुख कालची. घालमेल मात्र दोन्हींच्या मध्ये अडकलेल्याची. आणि आपण हे सगळे अलीकडे ‘टेन्शन’ या एकाच पोत्यात भरतो.

उरला प्रश्न त्या अकरा वाजताच्या मेसेजचा. २००७ सालच्याच दुसऱ्या एका अभ्यासात सुमारे ३५ तास जागे ठेवलेल्या तरुणांना अप्रिय चित्रे दाखवली, तेव्हा त्यांच्या अमिग्डालाची प्रतिक्रिया झोप झालेल्यांपेक्षा ६० टक्क्यांनी तीव्र होती आणि तिला आवर घालणाऱ्या कपाळामागच्या भागाशी तिचा संबंध क्षीण झालेला होता. एका रात्रीचे उशिरापर्यंतचे जागरण म्हणजे ३५ तास नव्हेत, हे खरे. पण त्या घटकेला टाइप केलेले बाणेदार उत्तर तसेच ठेवून सकाळी चहा घेताना पुन्हा वाचले, तर त्यातली निदान दोन वाक्ये आपलीच आपल्याला खटकतात.