विजांचा इशारा आणि अचानक पुराचा धोका

मे महिन्याच्या उत्तरार्धात कोकणात आगोटीची, म्हणजे पावसाळ्यापूर्वीच्या तयारीची, कामे उरकण्याची घाई चाललेली असते आणि त्याच सुमारास मोबाईलवर ‘तुरळक ठिकाणी मेघगर्जनेसह पावसाची शक्यता’ असा संदेश येऊ लागतो. जुलैत संदेशाचे शब्द बदलतात, ‘घाट भागात अति मुसळधार’ असे काहीतरी येते. पण पट्टीचा रंग दोन्ही वेळी पिवळा किंवा नारिंगीच असल्यामुळे वाचणारा दोन्हींचा अर्थ ‘जोराचा पाऊस येणार’ एवढाच घेतो. वास्तविक विजांचा इशारा आभाळाची अवस्था सांगतो, तर अचानक पुराचा धोका ठरतो तो पडलेले पाणी जमिनीवर कुठे, किती वेगाने आणि कशात मिसळून जाईल यावरून.

वळवाचा ढग तापलेल्या जमिनीवर वाढतो. समुद्रावरून येणारे दमट वारे सह्याद्रीच्या पायथ्याशी वर ढकलले जातात, दुपारनंतर घाटावर उंच ढग उभे राहतात आणि वरच्या थरातील वारे पूर्वेकडून वाहत असतील तर ते संध्याकाळी किनाऱ्याकडे सरकतात. असा एखादा ढग तासाभरात विरतो. एका वाडीत पन्हळी वाहतात आणि शेजारच्या गावात धूळही बसत नाही. वातावरण अस्थिर आहे एवढे आदल्या दिवशी सांगता येते, पण ढग नेमका कोणत्या गावावर बरसणार हे मुंबईतील कुलाबा, वेरावली किंवा गोव्याच्या रडारवर तो दिसू लागल्यावरच कळते. म्हणूनच हवामान विभाग पुढील तीन तासांसाठी वेगळा तात्कालिक अंदाज देतो. ‘तुरळक ठिकाणी’ याचा अर्थ त्या क्षेत्रातील पाऊस मोजणाऱ्या केंद्रांपैकी फार तर चतुर्थांश केंद्रांवर पाऊस होईल, असा असतो. तेव्हा आपल्या अंगणात थेंबही पडला नाही म्हणून अंदाज खोटा ठरवणे मला अन्यायाचे वाटते. शिवाय या इशाऱ्याचा रोख पावसापेक्षा वीज आणि सोसाट्याच्या वाऱ्यावर अधिक असतो. आंब्याच्या झाडावर झेला (आंबे उतरवण्याची जाळीची काठी) घेऊन चढलेल्या माणसाला पाच मिलिमीटर पावसाचे भय नसते, विजेचे असते. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचे ‘दामिनी’ हे ॲप आपल्या आसपासच्या २० ते ४० किलोमीटर परिसरातील विजा दाखवते, त्याचा खरा उपयोग अशा वेळी होतो.

पुराचे गणित निराळे आहे. कोकणातील नद्या सह्याद्रीच्या माथ्यावरून उतरून अल्प अंतरातच खाडीला मिळतात, त्यामुळे वर पडलेले पाणी काही तासांत खाली पोहोचते. ‘मुसळधार’, ‘अति मुसळधार’ आणि ‘अत्यंत मुसळधार’ या पायऱ्या अनुक्रमे ६४.५, ११५.६ आणि २०४.५ मिलिमीटरपासून सुरू होतात, पण हे सगळे चोवीस तासांचे आकडे आहेत. शंभर मिलिमीटर दिवसभरात पडले तर शेताला हवेच असतात. तेच दोन तासांत पडले तर पऱ्ह्याच्या (लहान ओढ्याच्या) काठचे घर धोक्यात येते. जमिनीची स्थितीही तितकीच महत्त्वाची. मेच्या अखेरीस भेगाळलेली माती बरेच पाणी पिते, जुलैच्या मध्याला ती तुडुंब असते आणि जांभ्याचा उघडा सडा, म्हणजे सपाट कातळ, तर कोणत्याही महिन्यात फारसे पाणी मुरू देत नाही. दक्षिण आशियासाठी २०२० मध्ये सुरू झालेली अचानक पुराची मार्गदर्शन प्रणाली नेमका हाच प्रश्न विचारते: या छोट्या खोऱ्यातील माती आज इतकी ओली असताना, ठरावीक तासांत किती पाऊस पडला तर ओढा काठोकाठ भरेल? त्यातून पुढील सहा तासांचा धोका आणि चोवीस तासांची जोखीम काढली जाते.

गडगडाटावरून पुराचा अंदाज बांधणे ही सर्वांत घातक गफलत आहे. ऐन मोसमात पश्चिम किनाऱ्यावरील पुष्कळ ढग वळवाइतके उंच नसतात, त्यांत बर्फ कमी असतो आणि म्हणून विजाही कमी. पण तेच ढग घाटाला अडून रात्रभर कोसळतात. २२ जुलै २०२१ रोजी चिपळूणची बाजारपेठ पाण्याखाली गेली, तेव्हा केवळ शहरावरचा पाऊस पाहून भागणारे नव्हते. वाशिष्ठी नदीच्या वरच्या खोऱ्यात काय झाले ते पाहावे लागत होते. याउलट २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि त्याच मुंबईत कुलाब्याला ७५ मिलिमीटरच्या आत राहिला. त्या दिवशी मोसमी पावसात गडगडाटी ढग मिसळले होते, म्हणजे दोन्ही संकटे कधी एकत्रही येतात. मात्र प्रत्येक पुराला ‘ढगफुटी’ म्हणण्याची बातम्यांची सवय टाळावी. तासाला सुमारे १०० मिलिमीटर पाऊस छोट्या क्षेत्रावर पडला, तरच तो शब्द लागू होतो.

२०२५ मध्ये मोसमी पाऊस २६ मे रोजीच मुंबईत पोहोचला. अशा वर्षी कॅलेंडर पाहून ‘अजून वळीवच आहे’ असे म्हणता येत नाही. वीज चमकत असेल तर पक्क्या घरात जावे आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास तिथेच थांबावे. पुरासाठी मात्र घाटमाथ्यावरचा पाऊस, नदीची इशारा पातळी आणि भरतीची वेळ अशा तीन गोष्टी एकत्र पाहाव्यात, कारण उधाणाच्या भरतीला खाडीचे तोंड तुंबते आणि नदीचे पाणी समुद्रात जाण्याऐवजी बाजारपेठेत शिरते.