लॅपटॉपवरील विंडोज काढून लिनक्स बसवणे

लॅपटॉपसोबत कारखान्यातूनच आलेली विंडोज ही कार्यप्रणाली काढून तिच्या जागी उबंटू, लिनक्स मिंट, डेबियन, फेडोरा यांसारखी मुक्त स्रोत, म्हणजे जिचा मूळ कोड सर्वांना खुला असतो अशी, कार्यप्रणाली बसवण्याची क्रिया. बोलताना ‘लिनक्स टाकणे’ असेच म्हटले जाते. विंडोज न काढता दोन्ही प्रणाली एकाच डिस्कवर ठेवल्या तर त्याला ‘ड्युअल बूट’ म्हणतात (बूट म्हणजे यंत्र सुरू होणे). प्रत्यक्ष बसवणे हे बहुधा अर्ध्या तासाचे काम असते. वेळ जातो तो फर्मवेअरमधली, म्हणजे हार्डवेअरमध्येच बसवलेल्या प्रोग्राममधली, कुलुपे उघडण्यात आणि आपले रोजचे काम कोणत्या प्रोग्रामवर अडून आहे याचा अंदाज घेण्यात.

लिनस टॉरवाल्ड्स यांनी १९९१ मध्ये हेलसिंकी विद्यापीठात शिकत असताना लिनक्स हे कर्नल, म्हणजे कार्यप्रणालीचा गाभा, जाहीर केले. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये घोषित केलेल्या ग्नू प्रकल्पातली साधने त्याला जोडली गेली आणि वापरण्याजोगी पूर्ण प्रणाली उभी राहिली. तिच्या निरनिराळ्या गटांनी बांधलेल्या आवृत्त्या म्हणजे ‘डिस्ट्रो’. डेबियन १९९३ चे. तरीही नव्वदच्या दशकात घरच्या संगणकावर लिनक्स टाकणे हा जाणकारांचाच उद्योग होता. ऑक्टोबर २००४ मध्ये उबंटू आले आणि हे चित्र बदलू लागले. मागेल त्याला उबंटूची सीडी पोस्टाने फुकट मिळे, आणि ही सोय २०११ पर्यंत चालू होती. इंटरनेट मंद आणि महाग असण्याच्या त्या काळात भारतातल्या अनेकांनी लिनक्स पहिल्यांदा पाहिले ते अशा सीडींवर किंवा संगणकविषयक मासिकांबरोबर येणाऱ्या डिस्कवर.

या विषयाला अलीकडे पुन्हा उठाव आला तो विंडोज १० मुळे. तिचा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते आणि इंटेलचा प्रोसेसर असेल तर तो साधारणपणे आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा असावा लागतो. त्यामुळे सहाव्या-सातव्या पिढीचे, धडधाकट चालणारे लॅपटॉप अधिकृतरीत्या बाद ठरले. असे यंत्र भंगारात घालण्यापेक्षा त्यात एसएसडी (वेगवान डिस्क) बसवून लिनक्स मिंट टाकणे केव्हाही शहाणपणाचे. मिंट २ जीबी रॅमवर उभे राहते, ४ जीबीवर नीट चालते. अगदी जुन्या ३२ बिट यंत्रांची वाट मात्र अरुंद होत चालली आहे. डेबियनने ऑगस्ट २०२५ मधल्या १३ व्या आवृत्तीपासून त्यांच्यासाठी इन्स्टॉलर देणे थांबवले.

भारतीय बाजारात याच्या नेमकी उलटी प्रथाही रुळलेली आहे. विंडोजचा परवाना वगळून, ‘डॉस’ किंवा उबंटू असलेले लॅपटॉप काही हजारांनी स्वस्त मिळत. त्यातले डॉस म्हणजे बहुधा फ्रीडॉस, म्हणजे तेही मुक्त स्रोतच. गिऱ्हाईक घरी पोचण्याआधीच दुकानातला मुलगा त्यावर चोरीचे विंडोज चढवून देई. म्हणजे मुक्त प्रणाली पुसून मालकीची प्रणाली बसवण्याची परंपरा आपल्याकडे जास्त जुनी आणि जास्त लोकप्रिय आहे.

कामाला लागण्यापूर्वी सगळ्या फायलींचा बॅकअप बाहेरच्या डिस्कवर घ्यावा लागतो. ‘डी ड्राइव्हवर आहे, म्हणजे सुरक्षित आहे’ हा समज इथे घातक ठरतो, कारण सी आणि डी हे बहुतेक वेळा एकाच डिस्कचे दोन भाग असतात आणि ‘इरेज डिस्क’ हा पर्याय दोन्ही पुसतो. नंतर डिस्ट्रोच्या संकेतस्थळावरून आयएसओ फाइल (इन्स्टॉलरच्या पूर्ण डिस्कची प्रत) उतरवून, तिची शा-२५६ बेरीज (फाइल जशीच्या तशी आली का हे दाखवणारा आकडा) ताडून, रुफस, व्हेंटॉय किंवा बलेना एचर या प्रोग्रामांपैकी एकाने पेनड्राइव्ह बूटेबल, म्हणजे यंत्र त्यावरून सुरू होईल असा, करतात. सध्याच्या उबंटूला ८ जीबीचा पेनड्राइव्ह लागतो.

यानंतरची पायरी कंपनीगणिक बदलते. डेल आणि लेनोव्होमध्ये सहसा एफ१२, एचपीमध्ये एफ९, आसूसमध्ये एस्केप दाबून बूट मेन्यू (यंत्र कशावरून सुरू करायचे ती यादी) उघडतो. लेनोव्होच्या काही यंत्रांत बाजूला सुईच्या टोकाएवढे छिद्र असते आणि आतले बटण दाबायला सिमकार्डची पिनच लागते. एसरच्या पुष्कळ लॅपटॉपमध्ये एफ१२ चा मेन्यू मुळात बंद असतो आणि सिक्युअर बूटचा (याबद्दल पुढे) पर्याय फिकट, न हलणारा दिसतो. सुपरवायझर पासवर्ड ठेवला की तो हलू लागतो. हे ठाऊक नसल्याने अनेक जण तिथूनच परत फिरतात.

सिक्युअर बूट ही २०१२ मध्ये विंडोज ८ बरोबर सर्वत्र पसरलेली व्यवस्था. मान्य स्वाक्षरी असलेलाच बूटलोडर (कार्यप्रणाली सुरू करून देणारा प्रोग्राम) ती चालू देते. लिनक्सची दारे यामुळे कायमची बंद होणार अशी तेव्हा भीती होती. मॅथ्यू गॅरेट यांनी लिहिलेल्या ‘शिम’ या छोट्या प्रोग्रामने मार्ग काढला. मायक्रोसॉफ्टच्या स्वाक्षरीचा शिम आधी चालतो आणि तो पुढे डिस्ट्रोचा बूटलोडर तपासून चालवतो. उबंटू, फेडोरा, डेबियन यांसाठी सिक्युअर बूट बंद करण्याची आता गरज नाही, जुन्या व्हिडिओंत काहीही सांगितलेले असो.

पेनड्राइव्हवरून प्रणाली ‘लाइव्ह’ चालते, म्हणजे डिस्कला हात न लावता वापरून पाहता येते. वायफाय, आवाज, कॅमेरा, ब्लूटूथ, पडद्याचा उजेड कमीजास्त करणारी बटणे आणि झाकण मिटून उघडल्यावर यंत्र जागे होते का, एवढे इथेच तपासावे. सर्वांत जास्त रखडते ते वायफाय, विशेषतः ब्रॉडकॉम कंपनीच्या चिपवर. अनेक चिपना लागणारे बंद स्रोताचे फर्मवेअर द्यायचे की नाही यावर डेबियनमध्ये वर्षानुवर्षे तात्त्विक वाद चालला. २०२२ च्या मतदानानंतर आणि २०२३ च्या १२ व्या आवृत्तीपासून ते अधिकृत इन्स्टॉलरमध्ये आले.

ड्युअल बूटमध्ये अडचणी जास्त. विंडोज ११ मध्ये डिस्क बहुधा विंडोजच्याच बिटलॉकर या सोयीने कूटबद्ध असते. सिक्युअर बूटची स्थिती बदलली की विंडोज ४८ अंकी रिकव्हरी की मागते, आणि ती लिहून ठेवलेली नसेल, मायक्रोसॉफ्टच्या खात्यातही नसेल, तर फायली गेल्यातच जमा. ‘फास्ट स्टार्टअप’ चालू असेल तर विंडोज खरोखर बंद होत नाही, म्हणून लिनक्सला तिचे पार्टिशन (डिस्कवरचा भाग) फक्त वाचता येते. फर्मवेअरमध्ये डिस्क हाताळण्याची पद्धत ‘आरएसटी’ किंवा ‘रेड’ असेल तर इन्स्टॉलरला ती डिस्क बहुधा दिसतच नाही. ती पद्धत थेट ‘एएचसीआय’ केली की मग विंडोज उठत नाही. घड्याळाचाही घोळ होतो. लिनक्स यंत्राच्या घड्याळात जागतिक वेळ ठेवते, विंडोज स्थानिक. परिणामी विंडोज उघडल्यावर वेळ साडेपाच तास मागे दिसू शकते.

प्रणाली बसल्यावर एनव्हिडियाच्या ग्राफिक्स चिपचा ड्रायव्हर (ती चालवणारा प्रोग्राम) टाकताना एक पासवर्ड ठेवायला सांगितले जाते. यंत्र पुन्हा सुरू होताना निळ्या पडद्यावर ‘एनरोल एमओके’ (ड्रायव्हरच्या स्वाक्षरीची की मान्य करा) असा पर्याय येतो. घाईत ‘कंटिन्यू’ दाबणाऱ्याचा ड्रायव्हर सिक्युअर बूट अडवते, आणि दोष मात्र लिनक्सच्या माथी येतो.

मराठीचा प्रश्न आता बराचसा सुटलेला आहे. कळफलकाच्या सेटिंगमध्ये मराठी जोडले की भारतीय लिप्यांसाठीचा इनस्क्रिप्ट हा प्रमाण कळफलक लगेच मिळतो, आयबस या टंकनाच्या प्रोग्राममधून उच्चारानुसारी टंकनही करता येते. रेड हॅट कंपनीच्या लोहित देवनागरीसारखे मुक्त फॉन्ट आहेत. अडते ते डीटीपीच्या दुकानात. तिथला वर्षानुवर्षांचा मजकूर पेजमेकर आणि कोरलड्रॉच्या फायलींत, युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये अडकलेला असतो आणि हे दोन्ही प्रोग्राम लिनक्सवर नाहीत. त्यांच्या जागी वापरायचे स्क्रायबस, इंकस्केप चांगले असले तरी जुनी फाइल जशीच्या तशी उघडून देत नाहीत. टॅलीवर हिशेब ठेवणारे आणि ई-निविदेसाठी डिजिटल स्वाक्षरीचा यूएसबी टोकन वापरणारे यांनी विंडोज एकदम काढू नये, हा सल्ला व्यवहाराला धरून आहे. एमएस-सीआयटीसारख्या अभ्यासक्रमांमुळे महाराष्ट्रातल्या बहुतेकांचा हात विंडोज आणि एमएस ऑफिसवरच बसलेला आहे, हेही एक कारण. एमएस ऑफिसच्या जागी वापरायचे लिब्रे ऑफिस शिकायला अवघड नाही, पण मेन्यू जागेवर सापडत नाही तेव्हा माणूस चिडतोच. मुंबईच्या आयआयटीच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पात लिनक्स आणि लिब्रे ऑफिसचे धडे मराठीतही आहेत.

संस्थांच्या पातळीवर म्युनिक महापालिकेचे उदाहरण नेहमी दिले जाते. २०१३ पर्यंत तिने सुमारे १५ हजार संगणक लिनक्सवर नेले आणि २०१७ मध्ये विंडोजकडे परतण्याचा निर्णय घेतला. केरळच्या सरकारी शाळांत मात्र ग्नू/लिनक्स टिकले. तिथली काईट ही संस्था शाळांसाठी स्वतःची आवृत्ती बनवते. सी-डॅक या सरकारी संशोधन संस्थेची ‘बॉस’ ही डिस्ट्रो डेबियनवर आधारलेली आहे.

परत विंडोजवर यायचे झाले तर विंडोज ८ नंतरच्या लॅपटॉपमध्ये परवान्याची की फर्मवेअरमध्येच नोंदलेली असते. त्यामुळे डिस्क पूर्ण पुसली तरी तीच आवृत्ती पुन्हा टाकल्यावर इंटरनेट मिळताच ती सक्रिय होते. कंपनीचे रिकव्हरी पार्टिशन मात्र पुसलेले असते, म्हणून इन्स्टॉलर मायक्रोसॉफ्टकडून उतरवावा लागतो. लॅपटॉप वॉरंटीत असेल तर काही जण मूळ डिस्क काढून बाजूला ठेवतात, लिनक्स दुसऱ्या एसएसडीवर बसवतात आणि दुरुस्तीला देण्यापूर्वी मूळ डिस्क परत लावतात. थोडा जास्त खर्च होतो, पण काउंटरवर वाद घालावा लागत नाही.