दुखतोय की आखडलाय?

माझ्या आत्याला वेणी घालता येईना, तेव्हा घरात सगळ्यांनी एकच ठरवलं: थंडीने खांदा धरलाय. शेजारच्या रंगकाम करणाऱ्या काकांचाही खांदा ठणकत होता. दोघांचंही 'फ्रोझन शोल्डर' म्हणून तेल चोळणं सुरू झालं.

आत्याला खुर्चीत बसवलं, कोपर काटकोनात वाकवून कुशीला टेकवायला लावलं आणि मनगट धरून हात हळूच बाहेर नेला, दार उघडावं तसा. उजवा सहज गेला. डावा जेमतेम सरकला आणि अडला. तिने अंग सैल सोडलं होतं, तरीही.

हा खरा आखडलेला खांदा. सांध्याभोवतीची सैल पिशवी सुजते, जाड होते, आक्रसते. मग हात स्वतः हलवा नाहीतर दुसऱ्याने हलवू दे, तो अडतोच. 'फ्रोझन शोल्डर' हे नाव अमेरिकन शल्यचिकित्सक अर्नेस्ट कॉडमन यांनी 1934 मध्ये दिलं. हा त्रास बहुधा 40 ते 60 या वयात होतो, बायकांना जास्त, आणि मधुमेह असेल तर फारच जास्त. म्हणून साखर तपासाच, थायरॉईडही. एक्स-रे सहसा स्वच्छ येतो. तो काढायचा, कारण सांध्याची झीज झाली तरी हात असाच अडतो.

काकांचा हात मी उचलला तर कानापर्यंत गेला. स्वतः उचलताना मात्र मध्येच, साधारण 60 ते 120 अंशांच्या टप्प्यात, कळ यायची. वर गेल्यावर कमी. इथे पिशवी ठीक असते, दुखतात ते खांद्याला वेढणाऱ्या 4 स्नायूंचे कंडरे, म्हणजे स्नायू हाडाला बांधणारे दोर. छत रंगवणाऱ्यांना हे नेहमीचंच. पडल्यानंतर हात एकाएकी उचलेनासा झाला, तर कंडरा फाटलेला असू शकतो. तिथे दिवस घालवू नका.

कळ कोपराखाली उतरून बोटांना मुंग्या येत असतील, तर मानेकडे बघा. हात डोक्यावर ठेवल्यावर बरं वाटणं ही त्याचीच खूण.

खांदा न हलवताही दुखत असेल, तर दुखणं दुसरीकडचंही असतं. पित्ताशयाच्या सुजेने उजवा खांदा दुखतो, कारण ही सूज वरच्या श्वासपटलाला, म्हणजे छाती आणि पोटामधल्या पडद्याला, डिवचते, आणि त्या पडद्याची नस आणि खांद्याच्या त्वचेच्या नसा मानेतल्या एकाच भागातून निघतात. डावा खांदा, छातीत दडपण आणि घाम असं एकत्र आलं, तर तडक रुग्णालय गाठा.

हा भेद उपचारात फार कामाला येतो. काकांना स्नायू बळकट करणारे व्यायाम मिळाले. आत्याचा हात कुणीतरी रोज जोराने ओढत होतं, ते आधी थांबवलं. सुरुवातीच्या ठणक्यात ओढाताणीने दुखणं चिघळतं. डॉक्टरांनी सांध्यात इंजेक्शन दिलं, आणि ओट्याला टेकून, वाकून, हात लोलकासारखा झुलवायला सांगितला. पूर्ण मोकळं व्हायला वर्ष-दोन वर्षंही लागतील, हेही स्पष्ट सांगितलं. साखर वाढलेली निघाली. त्या आठवड्यात ती कित्येक रात्रींनी डाव्या कुशीवर झोपली.