मतं तीच, मोजणी वेगळी

माद्रिद महापालिकेने सप्टेंबर २०१५ मध्ये 'देथिदे माद्रिद' नावाचं संकेतस्थळ सुरू केलं. १६ वर्षांवरच्या कुठल्याही रहिवाशाने शहरासाठी प्रस्ताव मांडायचा. एक टक्का लोकांनी, म्हणजे साधारण २७ हजार जणांनी, पाठिंबा दिला की तो साऱ्या शहरापुढे मतदानाला जाणार. पुढच्या चार वर्षांत २० हजारांहून जास्त प्रस्ताव आले. उंबरठा ओलांडला फक्त दोघांनी! एक होता सगळ्या सार्वजनिक वाहनांसाठी एकच तिकीट असावं असा, दुसरा शहर पर्यावरणपूरक करण्याचा.

लोकांना रसच नव्हता म्हणावं, तर तसंही नाही. फेब्रुवारी २०१७ मध्ये हे दोन प्रस्ताव आणि शहरातले आणखी काही प्रश्न मतदानाला आले, तेव्हा दोन लाखांहून जास्त लोकांनी मत दिलं. मग गाडं अडलं कुठे?

अडलं ते यादीत. हजारो प्रस्ताव कुणी वाचत नाही; वरचे दहा-वीस वाचून माणूस उठतो. यादीत जो वर असतो तो आणखी वर जातो आणि उरलेले तळाशी गाळासारखे बसतात. वर कोण जाणार हे तरी गुणांवर ठरतं का? कोलंबिया विद्यापीठातल्या संशोधकांचा २००६ सालचा एक प्रयोग इथे आठवतो. १४ हजारांहून जास्त लोकांना त्यांनी ४८ अनोळखी गाणी ऐकवली. लोकांना वेगवेगळ्या गटांत टाकलं आणि आपल्या गटात कुठलं गाणं किती जणांनी डाउनलोड केलं, तेवढा आकडा दाखवला. गाणी तीच, पण प्रत्येक गटात क्रमवारी वेगळी लागली. अगदी उत्तम गाणं सहसा तळाला जात नाही आणि अगदी रद्दी गाणं वर येत नाही. मधल्या सगळ्यांचं नशीब मात्र पहिल्या काही लोकांच्या हातात. माद्रिदच्या प्रस्तावांचं याहून वेगळं झालं असेल असं मला वाटत नाही.

आइसलँडच्या रेक्याविकमध्ये २०१० पासून चाललेल्या 'बेत्री रेक्याविक' या अशाच संकेतस्थळाने निराळी युक्ती केली. प्रत्येक सूचनेखाली दोन रकाने, एकात बाजूचे मुद्दे, दुसऱ्यात विरोधातले. दुसऱ्याच्या मुद्द्याला थेट उत्तर देण्याची सोयच ठेवली नाही. तुमचं म्हणणं वेगळं असेल तर समोरच्या रकान्यात नवा मुद्दा लिहा. हमरीतुमरीला जागाच उरत नाही, आणि वाचणाऱ्याला दोन्ही बाजूंचे सर्वांत वजनदार मुद्दे शेजारी-शेजारी दिसतात.

पण खरी गंमत शहराच्या तिजोरीतले पैसे लोकांनी सुचवलेल्या कामांना वाटताना येते. पुणे महापालिकाही २००६ पासून अंदाजपत्रकासाठी नागरिकांकडून कामं सुचवून घेते, पण तिथे निवड लोकांच्या मतांवर होत नाही. युरोपातल्या अनेक शहरांत ती मतांनी होते, आणि नेहमीची रीत सरळ असते: ज्याला जास्त मतं ते काम आधी, पैसे संपेपर्यंत.

एक गाव घ्या. नदीच्या अल्याड ६० जण, पल्याड ४०. तिजोरीत एक लाख युरो, प्रत्येक काम २० हजारांचं. दोन्ही काठांनी आपापली पाच-पाच कामं सुचवली आणि सगळ्यांनी फक्त आपल्या काठाला मतं दिली. नेहमीच्या रीतीने अल्याडची पाचही कामं मंजूर होतात. पल्याडच्या ४० जणांच्या वाट्याला शून्य. फसवणूक कुणीच केलेली नाही, तरी हा निकाल बोचतो.

डॉमिनिक पेटर्स आणि पिओत्र स्कोव्रॉन या संशोधकांनी यावर 'समान वाट्यांची पद्धत' मांडली. एक लाख युरो आधी १०० जणांत सारखे वाटले असं माना, म्हणजे प्रत्येकाच्या खिशात हजार. एखादं काम मंजूर झालं की त्याचा खर्च त्याला मत देणाऱ्यांच्याच खिशातून वळता होतो. अल्याडच्या कामाला माणशी ३३३ युरो पडतात, म्हणून तीन कामांत खिसा रिकामा. पल्याड माणशी ५००, म्हणून दोन कामं. तीन आणि दोन, म्हणजे ६० आणि ४०!

पाठ्यपुस्तकात हे इतकं सुबक जमतं. प्रत्यक्षात कामांच्या किमती वेगवेगळ्या, मतं विखुरलेली, आणि शेवटी थोडे पैसे उरतातच. मग खिशातली काल्पनिक रक्कम थोडीथोडी वाढवून, खरी तिजोरी ओलांडली जात नाही तिथवर गणित पुन्हा-पुन्हा मांडतात. हे हाताने करणं कठीण. संगणकाला मात्र चुटकीसरशी जमतं.

२०२३ मध्ये पोलंडमधल्या, मिठाच्या खाणींसाठी प्रसिद्ध असलेल्या व्हिएलिच्का गावाने दहा लाख झ्लॉटी याच पद्धतीने वाटले. त्याच वर्षी स्वित्झर्लंडच्या आराउ शहराने ५० हजार फ्रँक वाटले. आराउत ३३ पैकी १७ कामं मंजूर झाली; जुन्या रीतीने सातच झाली असती.

वॉर्सा, क्राकूव अशा शहरांतल्या मतदारांनी टाकलेली मतं, नावं वगळून, 'पॅबुलिब' नावाच्या खुल्या संग्रहात ठेवलेली आहेत. कुणीही ती उतरवून घ्यावी, नियम बदलावा आणि कुठल्या वस्तीची बाग राहिली असती, कुठली गेली असती ते स्वतः मोजून पाहावं.