अर्ध्या इंचावरचं भोक

डिसेंबरात भुसावळला एका शाळेच्या हॉलमध्ये आम्ही चौघांनी आमची मॉडेलं मांडली होती. माझं मॉडेल म्हणजे जिनिंग मिलमधल्या रोलर जिनची छोटी नक्कल, सव्वा फूट लांब, सगळ्या लोखंडी भोकं पाडलेल्या पट्ट्या, नट-बोल्ट, पितळी गिअर आणि बारा व्होल्टची एक मोटर. नुसतं फिरणारं खेळणं नव्हतं ते, खरा कापूस टाकला की रोलर रुई ओढून नेणार आणि सरकी खाली पडणार, असा बेत होता. सरकी पडत होती पण निम्मी रुई अंगावर घेऊनच पडत होती, आणि मला दोन महिने कारण सापडत नव्हतं. दुपारी एक म्हातारे बाबा आले, आयुष्यभर जिनमध्ये काम केलेले. ते मॉडेलकडे बघायच्या आधी कान देऊन उभे राहिले, मग मोटर बंद करायला लावली, रोलर आणि सुरीच्या मधे अंगठ्याचं नख घालून बघितलं आणि म्हणाले, "सुरी रोलरले टेकेल नही भाऊ, दाब कमी शे." मी सुरीच्या ब्रॅकेटमागे एक वॉशर घातला. पुढच्या मुठीत सरकी जवळजवळ साफ होऊन पडली.

रोलर जिनचं तत्त्व एवढंच आहे. खरखरीत कातडी रोलर फिरतो, त्याला एक स्थिर सुरी दाबून बसवलेली असते, रोलर रुईचे धागे पकडून सुरीखालून ओढतो, सरकी जाड म्हणून सुरीच्या धारेवर अडते आणि दुसरी हलती सुरी खालीवर होत तिला ठोकून मोकळी करते. दाब कमी झाला की रोलरची पकड सुटते. हे मी वाचलेलं होतं हो, पण त्या बाबांच्या नखाला ते माहीत होतं आणि माझ्या नखाला त्या दिवशी कळलं. माझ्या मॉडेलमध्ये कातड्याऐवजी सायकलच्या ट्यूबचे तुकडे आहेत, तरी रोग तोच आणि औषधही तेच निघालं.

या पट्ट्यांचे सेट आपल्यातल्या बऱ्याच जणांनी लहानपणी पाहिलेत, आपल्याकडे मेकॅनिक्स नावाने मिळायचे आणि मिळतात. मूळ कल्पना मात्र इंग्लंडमधल्या लिव्हरपूलची. तिथे फ्रँक हॉर्नबी नावाचा माणूस मांस आयात करणाऱ्या एका कंपनीत कारकून होता, इंजिनिअरिंगचं शिक्षण नाही, पण घरी आपल्या मुलांसाठी पत्रा कापून क्रेन वगैरे बनवायचा. प्रत्येक खेळण्यासाठी वेगळे भाग कापत बसायचं आणि ते दुसरीकडे लागायचे नाहीत, याचा त्याला कंटाळा आला आणि त्याच्या डोक्यात आलं की सगळ्या पट्ट्यांना सारख्या अंतरावर भोकं पाडली तर कुठलाही भाग कुठेही बसेल. ५ पौंड उसने घेऊन त्याने १९०१ मध्ये पेटंट काढलं आणि १९०७ मध्ये मेकॅनो हे नाव नोंदवलं. भोकापासून भोकाचं अंतर अर्धा इंच, म्हणजे १२.७ मिलिमीटर, आणि ते आजतागायत तसंच आहे. लिव्हरपूलचा कारखाना १९७९ मध्ये बंद पडला तरी शंभर वर्षांपूर्वीची पट्टी आजच्या पट्टीला बोल्टने जोडता येते. माझ्या मते या छंदातली सगळी विद्या त्या एका अंतरात साठवलेली आहे.

आमच्यातला एक जण पाचोरा-जामनेरच्या पीजेचा, म्हणजे तिथल्या छोट्या रेल्वेगाडीचा, डबा बनवतोय. लहानपणी तो त्या गाडीने मामाच्या गावाला जायचा, गाडी २०२० पासून बंद आहे, त्यामुळे त्याचा जीव अडकलाय त्यात. त्या रुळांची रुंदी ७६२ मिलिमीटर, म्हणजे अडीच फूट. एक दशांश मापाने मॉडेल करायचं तर ७६.२ मिलिमीटर, म्हणजे बरोबर तीन इंच, म्हणजे बरोबर सहा अंतरं! पट्टी कापायची गरज नाही, फाइल मारायची गरज नाही. आपली ब्रॉडगेज साडेपाच फुटांची, ती एक बारांश मापात साडेपाच इंच होते, म्हणजे अकरा अंतरं, तीही चपखल बसते. यात जादू काही नाही, रूळ आणि पट्टी दोन्ही इंचातच आखलेले, पण भोकात बोल्ट आपसूक उतरला तेव्हा त्याच्या तोंडावर जो आनंद होता तो मी विसरणार नाही.

आता आकार कसा टिकतो ते बघा. चार पट्ट्या चार बोल्टने जोडून चौकट करा आणि कोपऱ्यातून ढकला, ती लगेच तिरपी होते, कितीही आवळा. तीन पट्ट्यांचा त्रिकोण मात्र हलत नाही, कारण बाजूंची लांबी ठरली की त्रिकोणाचा आकार एकच उरतो आणि चौकोनाचे असंख्य उरतात. भुसावळजवळ तापीवरचा रेल्वेपूल बघा नाहीतर विजेचा टॉवर, तिरप्या पट्ट्या त्यासाठीच असतात. पण चौकटीला तिरपी पट्टी मारायला गेलं की अर्धा इंच हट्ट धरतो. पाच बाय पाच अंतरांच्या चौरसाचा कर्ण ७.०७ अंतरं येतो, आपल्याकडे असते सात अंतरांची पट्टी, ती ०.९ मिलिमीटरने कमी पडते आणि बोल्ट जात नाही. मुलं इथे जोर लावतात आणि पट्टी वाकवतात. तिथे तीन-चार-पाचचा त्रिकोण कामी येतो, तीनचा वर्ग नऊ, चारचा सोळा, बेरीज पंचवीस, म्हणजे पाचचा वर्ग. फक्त एक लक्षात ठेवायचं की भोकं मोजायची नाहीत, अंतरं मोजायची, तीन अंतरांच्या पट्टीला चार भोकं असतात. चार, पाच आणि सहा भोकांच्या पट्ट्या टोकाला टोक जोडल्या की गुण्या न लावता काटकोन मिळतो. पायथागोरस मी शाळेत पाठ केला होता, आठवीतल्या एका मुलीने त्या हॉलमध्ये तो तीन पट्ट्यांत पाच मिनिटांत स्वतःच्या हाताने बांधला.

गिअरचंही तसंच. १९ दातांचा आणि ५७ दातांचा गिअर एकमेकांत बसतात तेव्हा त्यांच्या दांड्यांमधलं अंतर एक इंच, म्हणजे भोकांची दोन अंतरं. २५ आणि ५० दातांची जोडीही त्याच भोकांत बसते, कारण १९ आणि ५७ ची बेरीज ७६, २५ आणि ५० ची ७५, एका दाताचा फरक दातांमधल्या ढिलाईत खपून जातो. म्हणजे सांगाडा न मोडता नुसते गिअर बदलून तिप्पट ताकद घ्यायची का दुप्पट ते ठरवता येतं. आणि वर्म! वर्म म्हणजे स्क्रूसारखा आटे असलेला तुकडा, तो एक फेरा फिरला की ५७ दातांचं चाक फक्त एक दात पुढे सरकतं, मोटर मिनिटाला ३००० फेरे घेत असेल तर चाक साधारण ५३ घेतं. वरून गंमत अशी की चाक उलटं ढकललं तर वर्म फिरत नाही, आट्यांचा उतार इतका कमी असतो की घर्षणच जिंकतं. म्हणून क्रेनच्या मॉडेलमध्ये वीज गेली तरी ओझं खाली येत नाही, जिथलं तिथे लटकून राहतं, आणि वीज जायची सवय आमच्याकडे सगळ्यांना असल्यामुळे हे लोकांना लगेच पटतं.

घरी टेबलावर पाच मिनिटं चालणारं मॉडेल आणि प्रदर्शनात सकाळी दहापासून संध्याकाळी सहापर्यंत चालणारं मॉडेल, यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. पहिल्या वेळी माझं मॉडेल अकरा वाजताच थांबलं होतं. मोटर फिरत होती, रोलर थांबलेला, मी सगळं उघडून बसलो आणि कारण निघालं ते गिअर दांड्यावर आवळणाऱ्या मुगाएवढ्या ग्रब स्क्रूचं, तो ढिला होऊन गिअर दांड्यावर नुसताच घसरत होता. गुळगुळीत गोल दांड्यावर स्क्रूचं टोक एका ठिपक्याएवढ्या जागी टेकतं, थरथरीने ते सुटतं. आता मी दांड्यावर त्या जागी फाइलने छोटा सपाट भाग करून घेतो, स्क्रू त्यावर बसला की हलत नाही. सांध्यांसाठी दोन नट एकमेकांवर आवळायचे, म्हणजे बोल्ट सुटत नाही आणि पट्टी मोकळी हलते. दांडा तीन-चार पट्ट्यांतून जात असेल तर आधी सगळे नट ढिले ठेवायचे, दांडा फिरवत फिरवत एकेक नट आवळायचा, ज्या नटाला दांडा जड झाला तिथे पट्टी तिरपी बसलीय हे समजायचं. दांड्याला खरं तर दोनच आधार लागतात, तिसरा रेषेत नसेल तर तो आधार न राहता ब्रेक होतो. तेलाचं एक सांगायचं राहिलं, शिवणमशीनचं तेल थेंबभरच घालायचं. मी जास्त घातलं होतं, आणि जिनच्या मॉडेलमध्ये उडणारी रुई त्या तेलाला चिकटून दुपारपर्यंत गिअरवर नमदा तयार झाला.

पण मला खरं सांगायचंय ते पुढचं आहे. या पट्ट्यांनी एकदा कॉम्प्युटर बनवला होता. अमेरिकेत एमआयटीमध्ये व्हॅनेव्हर बुश यांनी १९३१ मध्ये डिफरन्शियल अ‍ॅनालायझर नावाचं खोलीभर मोठं यंत्र उभं केलं होतं, दांडे आणि गिअर फिरवून अवघड समीकरणं सोडवणारं. मँचेस्टरचे प्राध्यापक डग्लस हार्ट्री ते बघून आले आणि १९३४ मध्ये त्यांनी आर्थर पोर्टर या विद्यार्थ्याला घेऊन तसंच यंत्र मुख्यतः मेकॅनोच्या भागांतून बांधलं. खर्च सुमारे २० पौंड. अचूकता साधारण दोन टक्क्यांच्या आत, आणि त्यावर त्यांनी अणूमधल्या इलेक्ट्रॉनचं खरंखुरं गणित केलं. पुढच्या वर्षी केंब्रिजसाठी अजून एक बनलं, ते आज न्यूझीलंडमध्ये ऑकलंडच्या म्युझियममध्ये आहे. तिकडे अमेरिकेत विल्यम स्यूएल नावाच्या मेडिकलच्या विद्यार्थ्याने इरेक्टर या तिथल्या तसल्याच सेटचे भाग वापरून कुत्र्यांवरच्या प्रयोगासाठी हृदयाचं काम करणारा पंप बनवला, १९४९-५० च्या सुमाराला, तोही आता म्युझियममध्ये ठेवलाय.

हार्ट्रींच्या यंत्राचा जीव होता इंटिग्रेटर. त्यासाठी मळणीचं खळं आठवा. तिवड्याला, म्हणजे मधल्या खांबाला, बैलांची पात जुंपलेली, सगळे बैल एकाच वेळी एक फेरा पूर्ण करतात, पण तिवड्याजवळचा बैल थोडंच चालतो आणि बाहेरच्या टोकाचा खूप चालतो. आता बैलांच्या जागी एक आडवी फिरणारी काचेची चकती समजा आणि तिच्यावर उभं टेकलेलं एक छोटं चाक. चाक मध्याजवळ असलं तर हळू फिरतं, कडेला नेलं तर जोरात, आणि बरोब्बर मध्यावर असलं तर फिरतच नाही. म्हणजे चकती किती फिरली गुणिले चाक मध्यापासून किती लांब, हा गुणाकार चाक आपोआप करतं, आणि चाक सरकवत राहिलं तर असे सगळे छोटे छोटे गुणाकार एकत्र जमा होत जातात. हतनूरच्या कालव्यातून पाणी कधी कमी कधी जास्त सुटतं, तर दिवसभरात एकूण किती पाणी गेलं हे कसं काढाल? चाकाचं अंतर प्रवाहाप्रमाणे पुढे-मागे करत राहायचं, चकती घड्याळाच्या गतीने फिरवायची, संध्याकाळी चाकाचे फेरे मोजायचे. कॉलेजमध्ये इंटिग्रेशन म्हणून जे शिकवतात ते हेच.

गेल्या उन्हाळ्यात आम्ही असा एक इंटिग्रेटर बांधला. दहा सेंटिमीटर त्रिज्येची काचेची चकती, दोन सेंटिमीटर त्रिज्येचं चाक, आणि चाक सरकवायला सहा एमएमचा आटेदार रॉड. त्या रॉडचे आटे एक-एक मिलिमीटरवर असतात. ९५ आणि १९ दातांचे गिअर लावले की चकतीच्या एका फेऱ्यात रॉड पाच फेरे घेतो आणि चाक पाच मिलिमीटर सरकतं, मध्यापासून निघून वीस फेऱ्यांत कडेला पोचतं. सरासरी अंतर पाच सेंटिमीटर, म्हणजे चाकाने चकतीच्या एका फेऱ्यामागे सरासरी अडीच, आणि वीस फेऱ्यांत एकूण पन्नास फेरे घ्यायला हवेत. आम्ही फेरे मोजायला चाकाच्या दांड्याला गिअरचा काउंटर जोडला होता. आले ४८ आणि थोडे. परत केलं, परत ४८. मग काउंटर काढून टाकला, चाकावर लाल नेलपॉलिशचा ठिपका दिला आणि मोबाइलवर स्लो मोशनमध्ये शूट करून ठिपका मोजला, तर पन्नासला पाव फेरा कमी! म्हणजे दीड-पावणेदोन फेरे त्या काउंटरने खाल्ले होते. चाक काचेवर नुसतं टेकलेलं असतं, त्याला सरकायचंही असतं आणि फिरायचंही, त्यामुळे ते फार हलक्या हाताने पकडतं, आणि त्याच्याकडून थोडंसंही काम मागितलं की ते घसरतं.

ही अडचण बुश आणि हार्ट्री दोघांनाही आली होती आणि त्यावरचा तोडगा आपल्या शेतात रोज दिसतो. ताकदवान बैलाचा कासरा खुंटाला तीन वेढे देऊन एखादं लहान पोरगंसुद्धा धरून उभं राहू शकतं, कारण प्रत्येक वेढ्यागणिक घर्षणाची पकड पटीने वाढत जाते. घर्षणांक ०.३ धरला तर तीन वेढ्यांनंतर ही पट २८० च्या वर जाते. आता खुंटच मोटरने सतत फिरता ठेवा आणि त्यावर दोरा ढिला गुंडाळा. चाकाने दोऱ्याचं टोक जरा ओढलं की वेढे आवळतात आणि दुसऱ्या टोकाला मोटरची ताकद मिळते, चाकाने सोडलं की ढिले होतात. याला टॉर्क अ‍ॅम्प्लिफायर म्हणतात, आणि सध्या आमचं सगळं त्याच्याच दोऱ्यावर अडलंय. मासे धरायची तंगूस लावून बघितली, ती फार घसरते. चांभाराचा मेणाचा दोरा एकदा धरला की सोडतच नाही, फिरत्या खुंटावर गुंडाळत जाऊन त्याने दोन वेळा चाकाचा दांडा वाकवला. आता साधा सुती दोरा घेऊन त्याला शंखजिऱ्याची पूड चोळायची असं ठरलंय, पूड कालच आणलीय, रविवारी लावून बघणार आहोत.