हळू म्हणजे किती हळू? रिकव्हरी राइड आणि बेस राइड

डिसेंबर-जानेवारीत पुण्याच्या आसपास रोडबाइकवाल्यांची गर्दी वाढते. पहाटे पारा १०-१२ अंशांवर असतो, पावसाची कटकट नसते, नऊच्या आत घरी पोहोचायची घाईही नसते. या मोसमात ‘आज हळूच मारू’ म्हणून निघणाऱ्या राइडचे खरं तर दोन वेगळे प्रकार आहेत: रिकव्हरी राइड आणि बेस राइड. दोन्हींत धाप लागत नाही, म्हणून दोन्ही एकच समजल्या जातात. पण बेस राइड शरीरावर ताण टाकायला करतात आणि रिकव्हरी राइडने ताण टाकायचाच नसतो.

तासभर जेमतेम टिकवता येईल अशा पॉवरला (पॅडलवर लागणाऱ्या, वॅटमध्ये मोजलेल्या जोराला) एफटीपी म्हणतात. २० मिनिटं पूर्ण जोर लावून आलेल्या सरासरीचे ९५ टक्के हा तिचा चालण्याजोगा अंदाज. रिकव्हरी राइड एफटीपीच्या ५५ टक्क्यांच्या खाली, बेस राइड ५६ ते ७५ टक्क्यांत. एफटीपी २०० वॅट असेल तर पहिली ११० वॅटच्या आत आणि दुसरी साधारण ११२ ते १५० वॅटमध्ये बसते. पॉवर मीटर नसेल तर एकट्याने ३० मिनिटं शर्यतीच्या जोराने चालवा आणि शेवटच्या २० मिनिटांची सरासरी हृदयगती काढा. ती १६५ आली तर रिकव्हरी ११२ च्या खाली, बेस ११४ ते १३७. ‘२२० वजा वय’ या सूत्रावर झोन, म्हणजे जोराचे हे टप्पे, ठरवू नका, एखाद्याच्या बाबतीत ते १०-१५ ठोक्यांनी सहज चुकतं.

आकडे इतके लगत आहेत, मग एवढा फरक कशाचा? मुख्यतः वेळेचा. एफटीपीवर एक तास म्हणजे १०० गुण, अशा प्रचलित मोजपट्टीवर ५० टक्क्यांवरची ४५ मिनिटांची रिकव्हरी राइड जेमतेम १९ गुणांची होते. ६८ टक्क्यांवरची तीन तासांची बेस राइड १३९ पर्यंत जाते. आणि बहुतेकांची ‘हळू’ राइड असते दीड तासाची, ६५ टक्क्यांवरची: ६३ गुण. विश्रांती म्हणून ती जास्त आणि बेस म्हणून अपुरी. आठवड्यात अशा तीन झाल्या की मंगळवारच्या इंटरव्हलला (थोडा वेळ पूर्ण जोर, थोडा वेळ आराम अशा सरावाला) पाय जड पडतात आणि दोष थंडीला दिला जातो.

बेस राइडचा फायदा पहिल्या तासात फारसा नसतो. कमी जोरात दीर्घकाळ चालवल्याने स्नायूंतले मायटोकॉन्ड्रिया (पेशींतली ऊर्जा बनवणारी केंद्रं) आणि केशवाहिन्या वाढतात, चरबी इंधन म्हणून वापरायची क्षमता सुधारते. आधीपासून नियमित चालवणाऱ्याने दोन तासांपेक्षा कमी वेळेला बेस राइड म्हणू नये. अडीच ते चार तास चांगले. २०० किलोमीटरच्या बीआरएमला (ठरलेल्या वेळेत पूर्ण करायच्या लांब पल्ल्याच्या राइडला) साडेतेरा तासांची मुदत असते. तिची तयारी करणाऱ्याला हाच पाया लागतो.

रस्ता शक्यतो सलग सपाट निवडावा. सोलापूर रस्त्याने यवतपर्यंत जाऊन परत हे साधारण ८० किलोमीटर होतात आणि हडपसरची गर्दी मागे पडली की पॅडल न थांबवता चालवता येतं. घाटाची अडचण हिशेबातच दिसते. ७५ किलोचा माणूस, ९ किलोची बाइक, ८ टक्क्यांचा चढ: १५० वॅटवर वेग ताशी पावणेआठ किलोमीटरच्या आसपास. पुढे ३४ आणि मागे ३२ दात्यांचा गिअर असला तर केडन्स (पॅडलचे मिनिटाला फेरे) ५८ पडतो. बेस राइडमध्ये एवढं कसंबसं चालेल. रिकव्हरीच्या ११० वॅटवर मात्र केडन्स ४२ वर येतो, गुडघ्यांवर दाब वाढतो आणि बाइक डुलायला लागते. माणूस मग आपोआप २०० वॅट लावतो. सिंहगडावर रिकव्हरी राइड होत नाही, कुणी काहीही सांगो.

ग्रुपमध्येही हीच गडबड. पुढे असताना २३० वॅट, मागे ड्राफ्टिंगमध्ये (पुढच्याच्या आडोशाला) १२०, आणि उतारावर शून्य. घरी येऊन सरासरी १४५ दिसते आणि वाटतं, बेस झाली. नॉर्मलाइज्ड पॉवर (जोराच्या चढउतारांना जास्त वजन देऊन काढलेली सरासरी) साध्या सरासरीपेक्षा पाच टक्क्यांहून जास्त असेल तर सपाट रस्त्यावरची ती राइड कमी-जास्त जोराचीच होती. बेससाठी दोघं-तिघंच बरे, तेही सारख्या ताकदीचे. मिसळीचा थांबा ठेवायचा तर शेवटी ठेवा. मध्ये पाऊण तास बसलात तर दीड-दीड तासाच्या दोन राइड होतात. (मिसळीबद्दल तक्रार नाही, जागेबद्दल आहे.)

बोलून पाहण्याची चाचणी दोन्हींना लागू पडते. बेस राइडमध्ये पूर्ण वाक्यं बोलता यावीत. दोन-तीन शब्दांनंतर श्वास घ्यावा लागला तर टेम्पोत (बेसच्या वरच्या टप्प्यात) शिरलात. रिकव्हरीत फोनवर पलीकडच्याला तुम्ही सायकलवर आहात हे कळता कामा नये. फोन मात्र थांबूनच घ्या.

खाण्यात दोन्ही राइड अगदी वेगळ्या. रिकव्हरीला पाणी पुरे. तीन तासांच्या बेस राइडला अर्ध्या तासानंतर खायला सुरुवात करून तासाला ४० ते ६० ग्रॅम कर्बोदकं घ्या. एका मध्यम केळ्यात साधारण २५ ग्रॅम असतात. ७५० मिलीच्या बाटलीत ४० ग्रॅम साखर, पाव चमचा मीठ आणि अर्धं लिंबू टाकलं तर स्वस्तात काम होतं. थंडीत तहान लागत नाही, म्हणून बाटली भरलेलीच परत येते. तासाला अर्धा लिटर तरी प्यावं.

हृदयगतीचे आकडे हिवाळ्यात फसवतात. सहाला निघताना १२ अंश, दहाला परतताना त्यापेक्षा बरंच जास्त. उष्णता वाढली की त्याच पॉवरला ठोके वाढतात. पॉवर आणि ठोके यांचं गुणोत्तर पहिल्या आणि दुसऱ्या अर्ध्यात पाच टक्क्यांपेक्षा जास्त बदललं तर पाया कच्चा, असा ठोकताळा आहे. पण तो तापमान सारखं असेल तेव्हाचा. पुण्यातल्या जानेवारीत बदल सात टक्के दिसला तर आधी थर्मामीटर बघा. गार मनगटावरचं घड्याळ ठोके चुकीचे दाखवतं. छातीवरच्या पट्ट्याचे इलेक्ट्रोड निघण्यापूर्वी ओले करा, नाहीतर घाम येईपर्यंत आकडे वेडेवाकडे येतात. बेस राइडला आर्म वॉर्मर, बिनबाह्यांचं जॅकेट आणि पूर्ण बोटांचे ग्लव्ह्ज असे काढून खिशात ठेवता येणारे कपडे घाला. रिकव्हरीत अंग तापत नाही, तिथे एक थर जास्त आणि गुडघे झाकलेले.

आता रिकव्हरी राइड करायची कुणी? ‘पायातलं लॅक्टिक अ‍ॅसिड निघून जातं’ हे कारण बाद, कारण लॅक्टेट कसून चालवल्यानंतर तासाभरात आपोआपच मूळ पातळीवर येतं. आखडलेपण कमी वाटतं, रोज सायकलवर बसायची सवय टिकते, एवढा फायदा खरा. पण ती घरी झोपण्यापेक्षा जास्त परिणामकारक आहे, असा ठोस पुरावा नाही. आठवड्याला सहा तास मिळणाऱ्या नोकरदाराने ती सोडून द्यावी आणि तो वेळ झोपेला द्यावा. त्याचा आठवडा असा बसतो: मंगळवारी तासभर इंटरव्हल, गुरुवारी दोन तास बेस, रविवारी तीन तास बेस, बाकी दिवस सुट्टी. दहा तास आणि आठवड्यात पाच-सहा दिवस चालवणाऱ्याने इंटरव्हलच्या दुसऱ्या दिवशी ३० ते ४५ मिनिटं रिकव्हरी करावी, पुढे लहान चेनरिंग (पॅडलजवळचं दातेरी चक्र) ठेवून, केडन्स ८५-९५. ट्रेनरवर (सायकल घरातच जागेवर चालवायच्या यंत्रावर) केली तर उत्तम, तिथे मागून ओव्हरटेक करणारा कुणी नसतो.

बेससाठी मात्र रस्त्यावरच जावं लागतं आणि हिवाळा हा उसाच्या गळीत हंगामाचा काळ. दौंडच्या पट्ट्यात पहाटे दोन-दोन ट्रॉल्यांचे ट्रॅक्टर मागच्या दिव्याशिवाय चालतात, बाहेर आलेला ऊस हँडलबारच्या उंचीला असतो. जानेवारीत सूर्य सातच्या सुमारास उगवतो. पुढे रस्ता दिसेल असा दिवा, मागे दोन लाल दिवे, आणि उजेड होईपर्यंत ट्रॉलीच्या मागे ड्राफ्टिंग अजिबात नाही.