रिकामा प्लॅटफॉर्म आणि कुकरचा व्हॉल्व

परवा फॅमिली ग्रुपवर फॉरवर्ड आला, समुद्रातले तेलाचे प्लॅटफॉर्म आता माणसांशिवाय चालणार, सगळं एआय बघणार, आणि खाली डोळे विस्फारलेल्या इमोजींची रांग. मामेभावाने लगेच विचारलं, मग प्लॅटफॉर्मवर माणसं नेणारी, जुहूवरून उडणारी हेलिकॉप्टरं बंद होणार का? अरे बाबांनो, एआय हा शब्द तुमच्या मोबाईलवर यायच्या कितीतरी आधीपासून मुंबई हायमध्ये माणसं नसलेले प्लॅटफॉर्म उभे आहेत.

मुंबई हाय म्हणजे अरबी समुद्रातलं तेलाचं फील्ड, किनाऱ्यापासून साधारण १६० किलोमीटरवर. १९७४ साली तिथे तेल लागलं आणि १९७६ पासून उत्पादन सुरू झालं. पाण्याची खोली साधारण ७५ मीटर, म्हणजे पंचवीसेक मजली टॉवर बुडेल एवढी. आता फील्ड केवढं तरी पसरलेलं, सगळ्या विहिरी एका जागेवरून खणता येत नाहीत, म्हणून ठिकठिकाणी छोटे वेल प्लॅटफॉर्म, म्हणजे फक्त विहिरींपुरते, चार पायांचे लोखंडी सांगाडे, आणि त्यांच्यातून निघालेलं तेल-गॅस-पाण्याचं मिश्रण समुद्रतळावरच्या पाइपातून मोठ्या प्रोसेस प्लॅटफॉर्मवर जातं. माणसं राहतात, जेवतात, झोपतात ती तिथे. छोट्यांवर कोणी नसतं. सोलर पॅनेल, रेडिओवरून आकडे पाठवणारा एक डबा, आणि पक्षी. पक्ष्यांची विष्ठा साचून हेलिडेकवरच्या, म्हणजे हेलिकॉप्टर उतरायच्या जागेवरच्या, खुणा दिसेनाशा होतात ही या धंद्यातली खरीखुरी कटकट आहे, हसू नका.

माणूस ठेवायचा तर त्याला खोली, पाणी, किचन, लाइफबोट, हेलिकॉप्टर सगळं लागतं, आणि आग लागली तर तो जातो. २६ जुलै २००५ ला आपण सगळे पुरात अडकलो होतो, त्याच्या दुसऱ्याच दिवशी मुंबई हाय नॉर्थला एक जहाज आदळलं. जहाजावरच्या कूकची बोटं कापली होती, उपचारासाठी त्याला प्लॅटफॉर्मवर चढवायचं होतं. गॅसचा रायझर, म्हणजे समुद्रतळापासून प्लॅटफॉर्मपर्यंतचा उभा पाइप, फुटला, आग लागली, दोनेक तासांत अख्खा प्लॅटफॉर्म कोसळला आणि २२ माणसं गेली. नॉर्वेवाल्यांनी २०१८ साली ओसेबर्ग फील्डमध्ये जो प्लॅटफॉर्म चालू केला त्यावर तर राहायची खोली नाही, हेलिडेक नाही, संडाससुद्धा नाही.

पण मग तिथे काही झालं तर बंद कोण करणार? माझा सगळ्यात आवडता भाग इथे सुरू होतो.

कुणीच करत नाही, ते आपोआप बंद होतं. लोकल आठवा. चेन खेचली की ब्रेक पाइपातली हवा सुटते आणि हवा सुटली म्हणून ब्रेक लागतो. मोटरमनने हँडलवरचा दाब सोडला तरी गाडी थांबते. म्हणजे गाडी चालू राहायला सतत काहीतरी धरून ठेवावं लागतं. विहिरीचंही तसंच. समुद्रतळाच्याही खाली, विहिरीच्या नळीत एक झडप असते, बिजागरीवर लटकणारी, खालून वर बंद होणारी. वरून एका बोटापेक्षा बारीक नळीतून हायड्रॉलिक तेलाचा दाब येतो, तो आतली एक बाही, म्हणजे वर-खाली सरकणारी छोटी नळी, खाली दाबून धरतो, आणि बाही झडपेला उघडं ठेवते. दाब गेला की स्प्रिंग बाहीला वर ढकलते, झडप मिटते आणि विहिरीचाच दाब खालून तिला घट्ट बसवतो. विहीर जेवढी जोरात उसळेल तेवढी झडप पक्की! यात एक गोची आहे, दाब सोडला तरी त्या बारीक नळीत तेल भरलेलंच असतं, त्या उभ्या तेलाचं वजन स्प्रिंगला उचलावं लागतं, त्यामुळे झडप किती खोल बसवायची यालाच मर्यादा येते, आणि खोल जायचं तर स्प्रिंग तगडी हवी, म्हणजे उघडायला दाबही जास्त हवा, असं ते चक्र आहे. (इथे बायको वाचता वाचता उठून गेली.)

आता आग लागली हे कळतं कसं? प्लॅटफॉर्मभर हवेची बारीक नळी फिरवलेली असते आणि तिच्यात ठिकठिकाणी कमी तापमानाला वितळणाऱ्या धातूची बुचं, बऱ्याचदा १२४ अंश सेल्सिअसवाली. आपल्या कुकरच्या झाकणावरचा सेफ्टी व्हॉल्व, पाणी संपलं की वितळून उडतो, त्याचाच हा भाऊ. बूच वितळलं, हवा सुटली, झडपांना दाब पुरवणाऱ्या कंट्रोल पॅनेलमधला दाब गेला, की आधी वरचा, विहिरीच्या तोंडावरचा व्हॉल्व बंद आणि थोड्या वेळाने खालची झडप. वरचा आधी, कारण वाहत्या विहिरीवर खालची झडप आपटली तर ती खराब होईल, आणि तिला बदलणं महागात पडतं. यात कुठेही वीज नाही, कॉम्प्युटर नाही. पॅनेलला दसऱ्याला झेंडूची माळ घाला, लिंबू-मिरची टांगा, माझी काही हरकत नाही, पण धातू १२४ ला वितळतो तो वितळतोच, त्याला ना मुहूर्त कळतो ना एआय.

बंद होणं असं फुकटात होतं, पण परत उघडणं नाही. खालच्या झडपेला विहिरीचा दाब खालून दाबून बसलेला असतो, तो झडपेच्या वरही तेवढाच केल्याशिवाय ती उघडायची नाही, जबरदस्ती केली तर मोडेल. आणि बऱ्याच पॅनेलवर रीसेट हाताने, तिथे जाऊनच करावा लागतो. म्हणजे कुणीतरी हेलिकॉप्टरने जायचं, नाहीतर बोटीने जाऊन लाट वर आली की दोरीला लटकून प्लॅटफॉर्मच्या पायाशी असलेल्या बोट लँडिंगवर उडी मारायची. जुलैमध्ये ती उडी कुणी मारत नाही, आणि ढग खाली आले तर जुहूवरून हेलिकॉप्टरही निघत नाही. तेवढे दिवस विहीर बंद.